कोथरूडचा जुना फ्लॅट विकायचाय, हाताशी तीन आठवडे आहेत

तुमचा प्रश्न असा: कोथरूडला १९९३ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वडिलांच्या एकट्याच्या नावावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आई आता तुमच्याकडे बंगळुरूला, बहीण नाशिकला. तुम्हाला तीन आठवड्यांची रजा मिळाली आहे आणि तेवढ्यात घर विकण्याजोगं करायचंय. कंत्राटदाराने मॉड्युलर किचन, दोन्ही बाथरूमच्या टाइल्स आणि पूर्ण रंगकाम मिळून साडेपाच लाखांचा आकडा दिलाय, तो खर्च करावा का.

नका करू. पुण्यात जुन्या फ्लॅटची खरेदी-विक्री करून देण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. तीस वर्षं जुना फ्लॅट घेणारा माणूस किचन आणि बाथरूम तोडायचंच असं ठरवून आलेला असतो. तुम्ही हौसेने बसवलेली नवी शटरं बघून त्याची बायको हळूच म्हणते, "हे सगळं काढायला लागेल." म्हणजे तुमचा खर्च त्याच्या हिशेबात मोडतोडीच्या रकान्यात जातो. वर त्या कामातच तुमचे तीन आठवडे संपतात, आणि टाइल्सवाला चौथ्या आठवड्यातही "उद्या नक्की" म्हणत असतो.

जुन्या घरांचे सौदे फिसकटतात ते कागदांमुळे, नाहीतर ओलीमुळे. किचनच्या रंगावरून मोडलेला सौदा मला तरी आठवत नाही. तेव्हा तीन आठवडे या दोन गोष्टींवर घाला. उरलेला वेळ झाडलोट आणि थोड्या रंगाला पुरतो.

पण बंगळुरूहून निघण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना एक फोन करा. विचारा: पुनर्विकासाचं काय चाललंय? कोथरूडमध्ये नव्वदच्या दशकातल्या बहुतेक सोसायट्यांत हा विषय कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असतो. नुसती सभेत चर्चा झालीय, की आर्किटेक्टचा व्यवहार्यता अहवाल आलाय, की बिल्डर ठरलाय? २०१९ च्या शासन निर्णयानंतर एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती पुरते, त्यामुळे गोष्टी पूर्वीपेक्षा लवकर हलतात. बिल्डर ठरला असेल, तर तुमचा ग्राहक भिंती विकत घेत नसतो, उद्या मिळणारा नवा फ्लॅट विकत घेत असतो. तिथे रंगाला एक रुपयाही घालू नका. सभेची इतिवृत्तं, बिल्डरचा प्रस्ताव आणि किती जादा क्षेत्र, किती भाडं मिळणार याचा कागद, एवढं फाइलला लावा. पाडायला निघालेल्या इमारतीतल्या फ्लॅटवर बँका कर्ज द्यायला कुरकुरतात, म्हणून ग्राहक कमी येतील पण रोख पैसे असलेले येतील. पुढचं सगळं मी असं धरून लिहितोय की इमारत अजून काही वर्षं उभी राहणार आहे.

आता कागद. वडिलांनी सोसायटीत आईंचं नॉमिनेशन केलंय म्हणजे फ्लॅट आईंचा झाला, अशी तुमची समजूत दिसते. तसं नसतं. नॉमिनेशनवरून सोसायटी आईंना तात्पुरतं सभासद करून घेईल, पण मालकी वारसांचीच राहते. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या घरात आई, तुम्ही आणि बहीण असे तीन समान वाटे पडतात. यात एक पाचर आहे, ती लोकांच्या लक्षात येत नाही. वडील गेले तेव्हा तुमची आजी, म्हणजे वडिलांच्या आई, हयात होत्या का? असतील, तर हिंदू वारसा कायद्याने त्याही पहिल्या वर्गातल्या वारस, आणि त्यांचाही सारखाच वाटा. त्या नंतर गेल्या असतील आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर तो वाटा त्यांच्या सगळ्या मुलांकडे वळतो. काका आले, आत्या आल्या. माझा एक सौदा नेमका इथेच सात आठवडे अडकला होता. सगळे कागद चोख होते, ग्राहकाचं कर्जही मंजूर होतं, आणि बँकेच्या वकिलांनी वंशावळ मागितली. त्यात इंदूरच्या आत्या निघाल्या. आत्या सही करायला आनंदाने तयार होत्या, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे अंथरुणात होत्या. तुम्ही वंशावळ आजच एका कागदावर लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग दोन वाटा आहेत. एक, सगळ्या वारसांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सह्या करायच्या. दुसरी, तुम्ही आणि बहिणीने आईंच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि एकट्या आईंनी विकायचं. हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, म्हणून एजंट सरसकट तोच सल्ला देतात. मी देत नाही. एकदा हक्क सोडला की पैसे आईंचे आणि भांडवली नफ्यावरचा कर एकट्या आईंच्या डोक्यावर. तिघांनी विकलं तर नफा तिघांत वाटला जातो आणि ज्याला दुसरं घर घ्यायचंय तो आपापली सवलत घेऊ शकतो. आधी सीएकडे जाऊन दोन्ही गणितं मांडून घ्या. फ्लॅट १९९३ चा आहे, म्हणजे नफा काढताना मूळ खरेदीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायला सांगा. कर १२.५ टक्क्यांनी की महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, यातला फायद्याचा पर्याय निवडता येतो, आणि तो कोणता हे त्या २००१ च्या आकड्यावरून ठरतं.

याच कामात आईंचं पॅन आधारला जोडलेलं आहे का तेही तपासा. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात ग्राहकाने १ टक्का टीडीएस कापायचा असतो. पॅन निष्क्रिय असेल तर तो २० टक्के होतो, आणि हे सहसा नोंदणीच्या आदल्या दिवशी कळतं.

वडिलांचा बिल्डरशी झालेला मूळ करारनामा आणि त्याची नोंदणी पावती सापडते का पाहा. नाही सापडली तरी घाबरायचं कारण नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, एवढ्यावर भागतं. पण नोटिशीच्या हरकतींसाठी चौदा-पंधरा दिवस सोडावे लागतात, म्हणून हे पहिल्या आठवड्यातच कळायला हवं. वडिलांनी तेव्हा गृहकर्ज काढलं होतं का? फेडलं असलं तरी बँकेचा कर्जफेडीचा दाखला लागतो. नव्वदच्या दशकात कर्ज देणाऱ्या काही सहकारी बँका नंतर दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, तेव्हा कोणत्या शाखेचं दार ठोठवायचं ते शोधण्यातच दोन दिवस जातात.

सोसायटीकडून शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि पार्किंग वाटपाचं पत्र घ्या. शेवटचं विसरू नका. "आमची गाडी तीस वर्षं तिथेच लागते" हा पुण्यात पुरावा मानला जात नाही. वारसांच्या नावे हस्तांतर होताना अधिमूल्य, म्हणजे सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम, आकारता येत नाही. तुम्ही ग्राहकाला विकाल तेव्हा महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, २००१ पासून तीच. इमारत निधी, ऐच्छिक देणगी अशा नावांनी लाख-दीड लाख मागणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. भांडू नका, मागणी लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. मिळकत कराची पावती, वीजबिल चालू महिन्यापर्यंत भरलेलं ठेवा. सोसायटीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, तेही सेक्रेटरींना विचारून ठेवा. ग्राहकाचा वकील हमखास विचारतो, आणि "बघावं लागेल" हे उत्तर त्याला आवडत नाही.

मग ओल. तीन आठवड्यांतलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे आणि पहिल्याच दिवशी सुरू करायचं आहे. पाहायला येणारी मंडळी कशी तपासतात सांगतो. नवरा-बायको हॉलमध्ये उभे राहून सोफा कुठे बसेल ते बोलत असतात. बरोबर आलेले आजोबा गप्प असतात. ते सरळ बेडरूममध्ये जातात, कपाट भिंतीपासून वीतभर ओढतात आणि मागे हात घालून तळवा भिंतीला टेकवतात. बोटांना पांढरी भुकटी लागली की बाहेर येऊन फक्त म्हणतात, "चला." जिन्यात काय बोलणं होतं ते तुम्हाला ऐकू येत नाही.

तेव्हा तो तळवा आधी तुम्ही टेकवा. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालची भिंत, सिंकखालचा कोपरा. कपाटं स्वतः सरकवा. मग रात्री झोपण्याआधी बाथरूमच्या नहाणीत (पाणी जायच्या भोकात) ओल्या फडक्याचा घट्ट बोळा बसवा, दोन बोटं पाणी भरा आणि पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण करा. सकाळी पाणी दिसण्याइतकं उतरलं असेल तर सांधे किंवा नहाणी ट्रॅप गेलाय. त्याच सकाळी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत पाहून या. आईंना घेऊन गेलात तर चहाही मिळेल. टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घेणं आणि ट्रॅप बदलणं हे दोन-तीन दिवसांचं काम. त्यासाठी टाइल्स फोडायला लागतातच असं नाही.

वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी येत असेल, तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) संडास-बाथरूम-सिंकमधली आतली गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने. वरच्यांशी आधी गोडीने बोला, पण सेक्रेटरींना एक पत्रही देऊन ठेवा. ग्राहकाला दाखवायला त्या पत्राची पोच चालते. लपवलेली ओल चालत नाही. पुट्टी मारून, वर रंग लावून झाकलेली ओल दीड-दोन महिन्यांत फुगून वर येते. ग्राहकाचं टोकन दिल्यापासून कर्ज मंजूर होऊन नोंदणीपर्यंतही साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणजे फोड आली की तो नेमका मापं घ्यायला आलेला असतो.

बँकेचा मूल्यांककही या काळात टेप घेऊन येतो. करारनाम्यातला नकाशा आणि जागेवरची भिंत जुळते का हे तो बघतो. तुमच्या वडिलांनी बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल (कोथरूडमध्ये कुणी घेतली नाही?) तर ते ग्राहकाला पहिल्या भेटीतच सांगा. क्षेत्रफळ सांगताना करारनाम्यातलं बिल्टअप (भिंतींसकट) आणि मोजलेलं कार्पेट (भिंतींच्या आतलं) वेगवेगळं सांगा. ग्राहक तुमच्या घराची तुलना नव्या इमारतींशी करतो आणि तिथे रेरा कायद्यामुळे सगळे कार्पेटमध्ये बोलतात.

आता घर रिकामं करणं. इथे माणसं सगळ्यात जास्त वेळ घालवतात, कारण हे काम हातांनी कमी आणि मनाने जास्त होतं. आईंना शेवटी सह्यांपुरतं आणण्याचा तुमचा विचार आहे. माझं ऐका, पहिल्याच आठवड्यात बरोबर आणा. त्यांना हॉलमध्ये खुर्चीवर बसवा आणि माळ्यावरचं एकेक खोकं समोर आणा. तुम्ही एकट्याने आवरायला बसलात तर रोज रात्री फोनवर "ते तांब्याचं घंगाळ कुठंय?" हे चालू राहील. तुमच्याकडेही पितळेची आणि स्टीलची भांडी असतील, कडेला टिंबाटिंबांनी कोरलेली नावं असलेली: कुणाच्या मुंजीत कुणी दिलेलं, कुणाच्या डोहाळजेवणातलं. कोणतं ठेवायचं हे त्यांनाच ठरवू द्या. त्या आश्चर्य वाटावं इतक्या भराभर ठरवतात. अडून बसतो तो मुलगा. देवघरातले देव कुणाकडे जायचे हेही आईंनीच सांगू दे, आणि घर दाखवायला सुरुवात करण्याआधी ते हलवा.

रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक मासिक हातात धरून झटका. एका घरात आम्ही तीन आठवडे शेअर सर्टिफिकेट शोधत होतो. डुप्लिकेटसाठी अर्ज लिहून झाला होता. ते निघालं १९९८ च्या एका दिवाळी अंकात, चुरगळू नये म्हणून काकांनी जपून ठेवलेलं.

घर पूर्ण रिकामं मात्र करू नका. ओक्याबोक्या खोल्या लहान वाटतात आणि फरशीवरचा प्रत्येक डाग नजरेत भरतो. एक पलंग, जेवायचं टेबल, दोन खुर्च्या ठेवा. बसका सोफा, बंद पडलेला कूलर, गॅलरीतल्या कुंड्या आणि पत्र्याचे डबे जाऊ देत. खिडक्यांच्या जाळ्या काढून धुवा, ग्रिलमध्ये तीस वर्षं कोंबलेलं सामान काढा. नुसत्या तेवढ्याने खोलीत केवढा उजेड येतो ते बघून तुम्हीच चकित व्हाल. मग एक दिवस पैसे देऊन सगळी साफसफाई करून घ्या. संडास, किचनचा एक्झॉस्ट पंखा आणि स्विचबोर्डांवरचे हात पुसल्याचे डाग यांवर उभं राहून लक्ष द्या. गळके नळ, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, लुकलुकणारी ट्यूब यांना प्लंबर-इलेक्ट्रिशियनचा एक दिवस पुरतो. रंग फक्त हॉल, पॅसेज आणि सगळ्या छतांना, फिकट पांढरा, ओलीचं काम होऊन भिंत कोरडी झाल्यावर. तुमच्या एवढ्या फ्लॅटला हे सगळं मिळून लाखाच्या आत बसावं. जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर रंग सोडूनच द्या. पुण्याच्या पावसात भिंत वाळत नाही.

किमतीसाठी जाहिरातींतले आकडे बघू नका, ते मागणाऱ्याचे आकडे असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, शोधता येतो. तुमच्याच किंवा शेजारच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात नोंदलेले दोन-तीन व्यवहार काढा आणि तिथून सुरुवात करा. फोटो सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, सगळे दिवे लावून आणि पडदे उघडे ठेवून, फोन आडवा धरून काढा. नाही, वास्तुशांतीचा फोटो भिंतीवर नको.

मुलांच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात म्हणून कुटुंबं फेब्रुवारी ते मे जास्त फिरतात. पितृपक्षात ग्राहक घर बघतील, पण टोकन देणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दाखवायच्या वेळा शनिवार-रविवार सकाळी ठेवा. आधी अर्धा तास खिडक्या उघडून ठेवा, नाहीतर बंद घराचा आणि डांबरगोळ्यांचा वास दारातच भेटतो. तुम्ही तिथे असाल तर दार उघडून बाजूला व्हा. मालक मागे मागे फिरून "इथे पूर्वी असं होतं" सांगायला लागला की लोक पाय काढता घेतात.

तीन आठवडे संपताना फ्लॅट विकला गेलेला नसेल, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. कागदांच्या प्रतींची एक फाइल पुण्यात, मूळ कागद तुमच्याकडे, किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे, एवढं झालं की तुम्ही परत जाऊ शकता. खरेदीखताच्या दिवशी तुम्ही, आई, बहीण प्रत्यक्ष या. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होते, पण ग्राहकाच्या बँकेला ते रुचत नाही आणि प्रश्न वाढतात. आईंना कार्यालयात जिना चढणं शक्य नसेल, तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावून नोंदणी करता येते, त्यासाठी आगाऊ अर्ज करावा लागतो. ताबा पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच द्या. फर्निचर आत्ताच आणून ठेवू का, असं ग्राहक अगदी लाघवी सुरात विचारतात. आणि किल्ली देताना वीज आणि गॅसच्या मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा.